उत्तरेचा जावई

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला. घरात विष्णू येणार म्हणून आजपासून लगबग. विष्णू म्हणजे जावई. वसंतनं सकाळीच माळ्यावरून चांदीचं तबक काढलं आणि टूथपावडर लावून घासत बसला. स्वतः! लग्न झाल्यापासून या माणसानं चहाचा कप विसळलेला नाही. मग मला म्हणाला, “शैला, अनारशांचं पीठ कधी करणार? निखिलरावांना वाणाला बोलवायचं ना.”

निखिलराव. ज्यांनी एप्रिलमध्ये माझी नात आमच्याच गेटवरून गाडीत घातली आणि नोएडाला नेली. आठ दिवसांसाठी. ते आठ दिवस अजून चालू आहेत.

आणि गाडीपर्यंत तिला घेऊन कोण गेलं? आजोबा. आमची लेक केतकी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये, मी दातांच्या डॉक्टरकडे. “जावई दारात आले, मुलीचा बाप आहे, नाही कसं म्हणायचं?” वर तिची पाण्याची बाटली भरून दिली. वाटेत तहान लागेल पोरीला.

तबक आरशासारखं झालं आहे. बघावं त्यात स्वतःचं तोंड.


१८ मे, सोमवार

केतकीबरोबर वकीलबाईंकडे. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. उघडलं की अर्ज. “तोवर घाई करू नका, चिडू नका,” हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. आज पहिल्यांदाच भेटत होतो. माझ्या कपाळावर लिहिलेलं असणार.

त्यांना हवा आहे एक माणूस. निखिलनं इराला सुट्टीपुरती नेली, परत आणून सोडायचं कबूल केलं होतं, हे शपथेवर सांगणारा. तसा माणूस जगात एकच आहे. पाण्याची बाटली भरून देणारा.

घरी येऊन विचारलं. “मी? जावयाविरुद्ध कोर्टात उभा राहू?” वसंतचा चेहरा असा, जणू मी त्याला कपडे काढून एक्सप्रेसवेवर पळायला सांगितलं.

“इरासाठी,” केतकी म्हणाली.

“ते सगळं समजुतीनं होईल. वाणाला येऊ देत त्यांना.”

केतकी उठून आत गेली. नोव्हेंबरमध्ये इराला घेऊन नोएडाहून आली तेव्हा फार बोलली नव्हती. तिकडे तो ओरडायचा नाही, मारायचा नाही. ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जायचा. “एरिया चांगला नाही.” बस, एवढंच. वसंतची बहीण कुसुमवन्सं हे ऐकून म्हणाल्या होत्या, काळजी असते हो पुरुषाला.


१९ मे

एप्रिलमध्ये तक्रार द्यायला गेलो तेव्हाचं पोलीस चौकीतल्या साहेबांचं वाक्य डोक्यातून जात नाही. “मॅडम, बाप कुठे पळवून नेतो? बाप नेतो.” वर थंड पाणी मागवलं माझ्यासाठी. सभ्य माणूस. सभ्य माणसांशी भांडता येत नाही याचाच जास्त राग येतो.

मी आयुष्यभर कोर्टात भाषांतरं केली. मराठी फिर्यादी इंग्रजीत. ‘पळून गेली’ आणि ‘पळवून नेली’. फरक एका ‘व’चा. त्या ‘व’वर माणसं आत जायची किंवा सुटायची. मुलीचा बाप हमखास ‘व’ घालायचा, मुलगी साक्षीला उभी राहिली की तो गळून पडायचा. वकील अर्धा अर्धा दिवस त्या एका अक्षरावर घसा फोडायचे.

आमच्या घरी ‘व’ ढळढळीत समोर आहे आणि सगळ्यांनी मिळून तो गिळला आहे. ‘नेली.’ मुलगी काय छत्री आहे?


२० मे, बुधवार

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप: “गच्चीवर उत्तरेच्या कठड्याजवळ दूध व मध सांडलेले आढळले. मुंग्या झाल्या आहेत. संबंधितांनी नोंद घ्यावी.”

संबंधित कोण ते बघायला संध्याकाळी वर गेले. आमचीच. केतकी मलंगगडाकडे तोंड करून उभी, दोन्ही तळवे वर, पुढ्यात उदाची काडी आणि वाटी. इंग्रजीत काहीतरी म्हणत होती, मधूनमधून ग्रीक. मग ओंजळभर जव हवेत उडवले. वारा पडलेला होता, सगळे तिच्याच केसांत परत आले. आणि कबुतरं जमली.

तिच्या खोलीतलं फळीवरचं ते दाढीवाल्याचं पंखवालं चित्र मी इतके महिने शोभेचं समजत होते. तो देव आहे. बोरेआस. उत्तरेचा वारा. ती तीन-चार वर्षं त्याला भजते. रविवारी कानाला हेडफोन लावून बसते ते ऑफिसचं नाही, ती उपासना. त्या उपासनेच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये ग्रीसमधली एक फार्मसीवाली आहे, ब्राझीलचा कोणी शाळेची बस चालवतो. जगभरची माणसं ज्या देवांना देवळं उरली नाहीत त्यांना गच्चीवर नैवेद्य दाखवतात.

“कुलपाच्या आत बसून करायला दुसरं काय होतं?” म्हणाली. “खिडकीच्या फटीतून थंडीचा वारा यायचा. तो एकटाच यायचा. मी वाचत गेले.”

यावर बोलण्यासारखं मला काही सुचलं नाही, ही दुर्मीळ गोष्ट नोंदवून ठेवते.

वसंतला कळलं तेव्हा हसला. “बोरेआस? नावातच बोऱ्या!”


२१ मे

काल सुचलं नाही ते आज सुचलं. नाव ऐकल्यासारखं वाटत होतं. पहाटे आठवलं. सिस्टर ॲग्नेस! सहावीत आम्हाला ग्रीक गोष्टी सांगायच्या, इंग्रजी सुधारावं म्हणून. राजकन्या ओरिथिया नदीकाठी खेळत होती. उत्तर वाऱ्यानं आधी सभ्यपणे मागणी घातली, बापानं नाही म्हटलं, मग त्यानं ढगात गुंडाळून तिला उचललं. सिस्टर म्हणायच्या, ‘अँड ही टुक हर टू बी हिज ब्राइड.’ आम्ही मुलींनी गुलाबी ढगांची चित्रं काढली. मला त्यात स्टार मिळाला होता.

पोरीला उचलून नेणाऱ्याच्या गुलाबी ढगाला स्टार! माझं डोकंच फिरलं. चहा गॅसवर ठेवून केतकीच्या खोलीत गेले.

“तोच ना हा? नदीवरून मुलगी उचलणारा?”

“तोच.”

“आणि तू त्याला दूध घालतेस? तू? आत्ता?”

“त्यालाच घालायला हवं आई. नेणारा तो, तर आणायचं कसं हेही त्यालाच माहीत. नोएडा उत्तरेलाच आहे.” मग म्हणाली, “अथेन्सच्या लोकांनीही हेच केलं. शत्रूचं आरमार आलं तेव्हा त्यांना कौल मिळाला, तुमच्या जावयाला हाक मारा. त्यांनी विचार केला, आपला जावई कोण? तर हा. ओरिथिया आपल्या गावची, म्हणून हा आपल्या सगळ्या गावाचा जावई. त्याला बोलावलं. तो आला, जहाजं फोडली. मग ज्या नदीवरून तिला नेली तिथंच त्याचं देऊळ बांधलं.”

“जावई म्हणायचे?”

“हो.”

“काय म्हणायचे?”

“जावई, आई. अगदी तोच शब्द.”

चहा उतू गेला. जाऊ दे. शंभर पिढ्या मागे जा, समुद्र ओलांडून जा, तरी हेच. पोर उचलली की गुन्हेगार, आणि गावानं मान खाली घातली की जावईबापू. देऊळ बांधा, तबक घासा.

“आणि तिच्या आईनं काय केलं?” मी विचारलं.

“आई राणी होती. गावासाठी दुसऱ्या एका मुलीचा बळी द्यायला तयार झाली म्हणून तिची कीर्ती आहे. मोठं भाषण आहे तिचं.”

असणारच. जावयाला देऊळ आणि आईला भाषण.

ती नदी आता कुठे आहे विचारलं तर म्हणाली, तिच्यावरून रस्ता जातो.


२४ मे, रविवार

आज हसावं की रडावं कळेना.

सुगंधा (आमच्याकडे कामाला येते, विचुंब्याची) तिच्या जावेला घेऊन आली. जावेच्या हातात नारळ, ओटीचं सामान. मी म्हटलं, हे काय?

“काकी, ताईच्या अंगात वारं येतं ना? आमाला कालच समजला. ही माजी जाऊ, हिला इचारायचा हाय.”

“कुणी सांगितलं?”

“ताईच बोलली. मी गच्ची झाडायला गेली तवा इचारलं, कोनाची पूजा करता? तर बोलली, वाऱ्याची. मंग वारं येतं का बोलली, तर बोलली, हो, थंडीत येतं.”

केतकी बाहेर आली, तिला पत्ताच नाही. शहरात वाढली, ‘वारं येणं’ म्हणजे देवी अंगात येणं हे तिला कुणी सांगायचं? मी. मी नाही सांगितलं. मला वाटलं होतं लागणार नाही.

जाऊ घरात आली ती थेट केतकीच्या पाया पडली. नवरा दुबईला गेला तो फोन करत नाही, कधी येईल? केतकी पाय मागे घेत भिंतीला टेकली. “अहो, माझा वारा तसला नाही. तो फक्त वाहतो.” जाऊ म्हणाली, “ताई, आमचा पन तसाच हाय.”

जाता जाता सुगंधा मला हळूच म्हणाली, “काकी, बाहेरच्यांचं ऱ्हाऊ दे. इरा कवा येल ते तरी इचारून घ्या ना. घरात देव असून इचारत नाय तुमी.”

तिला ओरडले. मग आत जाऊन तोंड धुतलं.


२७ मे

वसंतनं माझ्या नकळत फोन केला. निखिल ७ जूनला येतो आहे. रविवार. “इराला घेऊन येतो म्हणाले,” हे सांगताना वसंतचा आवाज चिरकला, तेवढ्यासाठी त्याला आजचा दिवस माफ.

अट आहे अर्थात. केतकीनं परत जायचं ‘मनावर घ्यावं’.

केतकी गच्चीवर गेली. खाली आल्यावर म्हणाली, “मी मागितलं होतं. त्याला इकडे आण म्हणून.”

मला मात्र या सभ्यपणाचा वास येतो. पण इरा येणार असेल तर मी त्या माणसाचे पाय काय, बूटही ओवाळीन. तांदूळ आणायला पाठवलं.


३१ मे, रविवार

तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदललं, काल सावलीत वाळवले, आज कुटून चाळून गुळात मळले. मिक्सर लावू दिला नाही मी कुणाला. राग काढायला खलबत्त्यासारखी वस्तू नाही.

कुसुमवन्सं पेणहून आल्या, वाण यथासांग व्हावं म्हणून. आल्या आल्या सूचना. तेहेतीस हवेत. जाळी पडली पाहिजे, अधिकात भोकं असलेलीच वस्तू दान द्यायची. तळायला तेलाच्या जागी तूप. दिवा तबकातच लावायचा. जावयाचे पाय सासऱ्यानं धुवायचे, सासूनं पुसायचे.

“मी पुसणार नाही.”

“अगं, विष्णू समजून.”

“वन्सं, विष्णू दाराला बाहेरून कुलूप लावत नाही.”

वसंत म्हणाला, मीच पुसीन. संपलं.

केतकीला मात्र भोकांचं फार आवडलं. “जाळीतून वारा जातो ना,” म्हणाली. “तुमचा आणि माझा एकच जावई असावा.” वन्संना कळलं नाही. त्यांनी तिला गहू निवडायला दिले.


४ जून, गुरुवार

पहिला घाणा पूर्ण हसला. तुपात टाकला की अनारसा पसरतो, फुटतो, विरघळतो, त्याला हसणं म्हणतात. सगळे खदाखदा हसले. वन्संनी माझ्याकडे बघितलं. “गूळ जास्त झाला.” गूळ जास्त! माझ्या हातून गोड जास्त झालं, हा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नाही.

पीठ सारखं करून दुपारी परत. जमले. खसखस लावलेली, जाळीदार, बदामी. बघून राग आला इतके चांगले झाले.

केतकीशी बोलले. इरा आली की ठेवून घ्यायची, दाराला आतून कडी. “म्हणजे त्यानं केलं तेच,” ती म्हणाली. मी म्हटलं, आई पळवून नेते का? आई नेते. ती अनारसे डब्यात रचत राहिली. काहीतरी तिच्या मनात आहे, मला सांगत नाही. माझं तोंड तिला माहीत आहे.


७ जून, रविवार

लिहिते आहे कारण नंतर प्रत्येक जण वेगळं सांगेल.

निखिल सकाळी अकरा वाजता आला. पांढरा शर्ट, मिठाईचा डबा. एकटा.

“इरा?” मी दारातच.

“ऊन फार आहे आई. प्रवास झेपला नसता तिला. पुढच्या वेळी नक्की.” मऊ आवाज. त्याचा आवाज नेहमी मऊ असतो.

मी केतकीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा, पण म्हणाली, “बस निखिल. जेवून बोलू.” वन्सं म्हणाल्या, “बसा निखिलराव, आधी वाण होऊ दे.” आणि तो बसला! पाटावर, रांगोळीत, पाय पुढे करून.

मी तबक आणायला स्वयंपाकघरात गेले. माझी तयारी होती. देवाशपथ होती. इरा पुढच्या वेळी तर पुढच्या वेळी. तबक घेऊन बाहेर आले तर वसंत गुडघ्यावर. ज्या गुडघ्यांमुळे त्याला देवापुढे बसवत नाही त्या गुडघ्यांवर. टॉवेलनं त्या माणसाच्या पायाची बोटं पुसत होता. एकेक. मधल्या फटींतून. आणि तो वरून फोन बघत होता.

मी वळले आणि तबक घेऊन घराबाहेर पडले. जिना. गच्ची. उत्तरेचा कठडा. मला ग्रीक येत नाही, मराठीत म्हटलं, “घ्या जावईबापू!” आणि एकेक अनारसा मलंगगडाच्या दिशेनं फेकला. खाडीकडचा वारा पाठीशी होता, लांब गेले. कावळे आले. एक घार आली.

मागून सगळे धापा टाकत वर. पुढे निखिल, त्याच्या मागे शेवटच्या पायरीवर वसंत, हातात टॉवेल तसाच.

“आई, तुमचा प्रॉब्लेम हाच आहे,” निखिल म्हणाला. मऊ.

“इराला कधी आणून सोडतोस?”

“नाही सोडणार.” पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “आठ दिवस म्हटलं होतं, तेव्हा म्हटलं होतं. आता ती तिकडेच राहील. तुम्हाला काय करायचं ते करा.”

मग खाली उतरला, बूट घातले, गेला. मिठाईचा डबा मात्र परत नेला. तेवढा स्वाभिमान आहे.


८ जून, सोमवार

केतकी माझ्याशी बोलत नव्हती. संध्याकाळी बोलली ते एकदम.

“आई, मला त्याच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं. सुट्टीपुरती नेली. वकीलबाईंनी सांगितलं होतं, सहज बोलता बोलता निघेल. सोफ्याच्या उशीखाली फोन चालू ठेवला होता मी. जेवताना मी विचारणार होते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“कारण तू तू आहेस!”

आणि ते वाक्य तो बोललाच. स्वच्छ. आठ दिवस म्हटलं होतं. पण गच्चीवर. उशीखालच्या फोननं काय टिपलं ते तिनं मला ऐकवलं. कुसुमवन्सं: “अगोबाई! अगं अनारसे! अनारसे गेले!” मग पायांचा आवाज. मग पंखा.

“मी ऐकलं आहे. मी साक्ष देईन,” मी म्हटलं.

वकीलबाईंना फोन केला. त्या नम्रपणे म्हणाल्या, तुमचं म्हणणं घेऊच, पण तुम्ही त्यांच्या अंगावर अनारसे फेकलेत हेही समोरून येईल. अंगावर नाही! उत्तरेला! अशा साक्षीचं उलटतपासणीत काय होतं ते मी कित्येकदा टेबलाशी बसून भाषांतरित केलं आहे. मला कशाला सांगता.

“तुमच्या मिस्टरांनी ऐकलं का?” त्यांनी विचारलं.

वसंत पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता, तेवढं नाटक त्याला जमत नाही. पण पान बदलत नव्हता.

“वसंत, तू मागेच उभा होतास.”

“वारा होता,” म्हणाला. “मला नीट ऐकू आलं नाही.”


९ जून

वन्सं पेणला गेल्या. जाताना: “अधिक महिन्यात विष्णूचा अपमान झाला शैला. शांत करून घे काहीतरी.” मी म्हटलं, जरूर. कुणाला, ते सांगा.

वसंत आणि मी एका घरात, दोन देशांत. तो माझ्यावर चिडलेला की मी जावई घालवला. मी त्याच्यावर. त्याला निदान चिडायला एकच माणूस आहे. मला तो, त्याची बहीण, नोएडा, चौकी, सिस्टर ॲग्नेस, अथेन्सचं सगळं गाव. आणि लपवून ठेवणारी माझी मुलगी. आणि तबक घेऊन गच्चीवर गेलेली आणखी एक जण, जिचं नाव मी आज घेणार नाही.


११ जून, गुरुवार

केतकी वर गेलेली नाही रविवारपासून. तिच्या फळीवरचा ऊद तसाच.

“रुसलीस देवावर?”

“नाही. माझंच चुकलं. मी म्हटलं, त्याला आण. त्यानं त्याला आणलं. तिला आण म्हणायला हवं होतं.”

कोर्टाचा अर्ज असता तर मी खोडून दिला असता. सर्वनाम नको, नाव लिहा. पण हे तिला म्हटलं नाही. म्हटलं, “या दिवसांत इथे उत्तरेचा वारा नसतोच मुळी. तुझा देव रजेवर आहे. कोर्टासारखाच.”

हसली थोडी. तिनं पुढे केलेली वाटी मी घेतली नाही. उचलून नेणाऱ्याला मी दूध घालणार नाही. मग त्यानं कितीही जहाजं फोडलेली असोत. ती म्हणाली, मीही त्याला चांगला म्हणत नाही आई, मी त्याला जबाबदार धरते. रोज त्याच्यासमोर उभं राहून आठवण देते. तुझं कोर्ट काय वेगळं करतं?

हे पूजेचं प्रयोजन मला पटलं. तसं सांगितलं नाही.

अर्ज दाखल झाला. पहिली तारीख २२ जून. वकीलबाईंनी पुन्हा विचारलं, आजोबांचं काय?


१३ जून

वसंतला शेवटचं विचारलं. ओरडून नाही. मला ओरडल्याशिवाय येतं, फार लोकांना माहीत नाही.

“तू तिला आठ दिवसांसाठी दिलीस ना?”

“दिली म्हणजे काय? ती काय वस्तू आहे?”

“हेच. हेच म्हण कोर्टात.”

“शैला, मी त्याला कन्यादान केलंय. मी त्याचे पाय धुतलेत. उद्या उभा राहून त्याला खोटा कसा म्हणू? मग मी कोण?”

“मग तू आजोबा.”

उठून बाहेर गेला. लांब गेला, गाढी नदीपर्यंत. चपलांना तिकडचा चिखल होता.


१४ जून, रविवार

उद्या इराची शाळा उघडते. दुसरी. वह्यांना कव्हरं केतकीनं एप्रिलमध्येच घातली होती.

दुपारी फोन आला. आठवड्यातून एकदा लावून देतो तो, दहा मिनिटं, स्वतः शेजारी बसून. केतकीनं स्पीकरवर टाकला. आज माझ्याशी बोलायचं होतं इराला.

“आजी, बाबा म्हणतो तू ओरडलीस त्याला.”

“हो, ओरडले.”

“माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी.”

“खूप जोरात?”

“खूप जोरात.”

मागे टीव्हीचा आवाज.

“मला नाही ऐकू आलं,” म्हणाली.

रागावून म्हणाली. माझ्यावर. माझ्याच आवाजात. मी काही बोलणार तेवढ्यात त्यानं फोन घेतला, होमवर्क आहे म्हणाला. सुट्टीत कसला होमवर्क!

केतकी खोलीत गेली. मी तिथेच. वसंत खुर्चीत बसलेला होता, त्यानं सगळं ऐकलं, या वेळी पंखासुद्धा बंद होता. उठला. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. माझ्याकडे पाठ करून म्हणाला:

“त्या दिवशी गच्चीवर वारा तेवढा नव्हता.”

बत्तीस वर्षं साक्षीदार बघितलेत. या वेळी मध्ये बोलायचं नसतं. तरी बोललेच.

“हे बावीस तारखेला म्हणशील?”

खिडकीतच उभा आहे. मी हे लिहिते आहे आणि तो अजून उभा आहे.